संकल्पातला प्रलय : पुराणकथा, आकाशातील उत्पात आणि लोकस्मृती

देवालयातील अभिषेक असो, घरची पूजा असो की श्राद्धकर्म असो, यजमानाच्या तळहातावर पाणी पडण्यापूर्वी पुरोहित संकल्प सांगतात. त्यात आधी काल येतो व मग स्थल. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग अशी कालाची गणना होते आणि आपल्या या किनाऱ्यावर स्थलनिर्देशात परशुरामक्षेत्राचा उच्चार होतो. हे शब्द लहानपणापासून इतक्या वेळा कानांवर पडलेले असतात की त्यांच्या अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष दिले तर असे आढळते की, यांतील तीन नावे पाण्याशी संबंधित आहेत. वराहाने जलात बुडालेली पृथ्वी दंतावर उचलून वर आणली. वैवस्वत मनू मत्स्याने ओढून नेलेल्या नौकेमुळे महापुरातून वाचला. परशुरामाने समुद्र मागे हटवून भूमी मिळविली. म्हणजे धर्मकृत्याला आरंभ करणारा प्रत्येक यजमान प्रथम हे सांगतो की, आपण एका महान उत्पातानंतरच्या काळात आणि सागराने सोडलेल्या भूमीवर उभे आहोत.

या कथा केवळ रूपके आहेत, की मानवजातीने प्रत्यक्ष पाहिलेल्या एखाद्या घोर संकटाची ती स्मृती आहे? हा प्रश्न नवा नाही. गेल्या तीन शतकांत पाश्चात्त्य देशांतील काही लेखकांनी त्याचे उत्तर असे दिले की, जगातील सर्व प्राचीन धर्मकथा आकाशातून कोसळलेल्या अरिष्टांच्या आठवणी होत. हे मत मधून मधून आपल्याकडील सुशिक्षितांनाही मोहात पाडते, कारण त्यामुळे आपली पुराणे ‘शास्त्रीय’ ठरल्यासारखे वाटते. म्हणून त्या मताची परीक्षा करणे आणि तीही आपल्या महाजन कुळांच्या इतिहासाची कसोटी लावून करणे उचित होईल.

उत्पातांचा विचार : वराहमिहिर ते डॉनेली

आकाशातील अद्भुतांचा पद्धतशीर विचार आपल्याकडे प्राचीन काळीच झाला होता. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उत्पातांचे दिव्य, आंतरिक्ष व भौम असे तीन वर्ग केले. ग्रहनक्षत्रांतील विकार ते दिव्य, उल्का व परिवेष आदी आंतरिक्ष आणि भूकंपादी भौम होत. धूमकेतूंना त्याने ‘केतुचार’ नावाचा स्वतंत्र अध्याय दिला आणि त्यांचा उदयास्त गणिताने जाणता येत नाही, असे स्वच्छ सांगून टाकले. त्याच्या काळी ते खरेच होते. एडमंड हॅली याने १७०५ साली एका धूमकेतूच्या पुनरागमनाचे भाकीत केले आणि १७५८ च्या अखेरीस तो धूमकेतू पुन्हा दिसला, तेव्हा कुठे हे गणित मनुष्याच्या हाती आले.

हॅलीच्या आधीच, १६९६ साली विल्यम व्हिस्टन या इंग्रज विद्वानाने बायबलातील नोहाचा जलप्रलय पृथ्वीजवळून गेलेल्या धूमकेतूमुळे झाला, असे प्रतिपादन केले होते. हाच व्हिस्टन पुढे केंब्रिज येथे न्यूटनच्या जागी गणिताचा प्राध्यापक झाला. १८८३ साली इग्नेशियस डॉनेली या अमेरिकन लेखकाने ‘रॅग्नारोक’ या ग्रंथात धूमकेतूच्या आघातानेच पृथ्वीवर मातीचे व खडीचे थर पसरले आणि जगभरच्या अग्निप्रलयाच्या कथा त्यातूनच जन्मल्या, असे मांडले. ते थर वस्तुतः हिमनद्यांनी आणून टाकलेले आहेत, हे भूगर्भशास्त्राने दाखविल्यावर तो ग्रंथ मागे पडला.

वेलिकोव्हस्कीचा सिद्धांत

या परंपरेतील सर्वांत गाजलेला लेखक म्हणजे इमॅन्युएल वेलिकोव्हस्की. त्याचा जन्म १८९५ साली रशियन साम्राज्यातील विटेब्स्क येथे झाला. व्यवसायाने तो मनोविश्लेषक होता. १९५० साली त्याचा ‘वर्ल्ड्स इन कोलिजन’ हा ग्रंथ मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेत प्रसिद्ध केला. ग्रंथाचा खप प्रचंड झाला, परंतु हार्लो शॅप्लीप्रभृती ज्योतिर्विदांनी तीव्र निषेध केल्यामुळे काही आठवड्यांतच प्रकाशकाने त्याचे हक्क डबलडे या दुसऱ्या संस्थेकडे सोपविले. ग्रंथाचे खंडन करण्याऐवजी त्याचा प्रसार रोखण्याचा हा प्रयत्न विद्वत्तेला शोभणारा नव्हता आणि त्यामुळे लेखकाला हुतात्म्याचे वलय मात्र लाभले.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे : शुक्र हा ग्रह गुरूच्या पोटातून धूमकेतूच्या रूपाने बाहेर पडला आणि इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात पृथ्वीच्या अगदी निकट आला. इजिप्तमध्ये नदीचे पाणी रक्तवर्ण होणे, दाट अंधार पडणे, समुद्र दुभंगणे, ज्यूंना अरण्यात आकाशातून अन्न मिळणे, पुढे यहोशवासाठी सूर्याने थांबणे, या सर्व घटना त्या भेटीचे परिणाम होत. त्यानंतर इसवी सनापूर्वी आठव्या व सातव्या शतकांत मंगळानेही असाच उपद्रव दिला. ज्यूपिटरच्या, म्हणजे ग्रीकांच्या झ्यूसच्या, मस्तकातून अथीना निघाली ही कथा त्याला शुक्राच्या जन्माची साक्ष वाटली. आपल्या पुराणांतील चार युगे व त्यांच्या अंतीचे प्रलय यांचाही त्याने आधार घेतला.

या सिद्धांतातील कल्पनेची झेप कोणालाही मोह घालील अशी आहे. पण पुरावा तपासू लागल्यावर ती इमारत उभी राहत नाही. बॅबिलोनच्या अम्मीसदुका या राजाच्या कारकिर्दीतील शुक्राच्या उदयास्तांच्या २१ वर्षांच्या नोंदी इष्टिकालेखांच्या नकलांतून उपलब्ध आहेत. हा राजा हम्मुराबीच्या वंशातला, म्हणजे वेलिकोव्हस्कीच्या कथित उत्पाताच्याही पूर्वीचा होय. नकलाकारांच्या चुका वगळल्या तर त्या नोंदींतील शुक्र आजच्याच शुक्रासारखा सुमारे ५८४ दिवसांच्या आवर्तनाने फिरताना दिसतो. शिवाय सर्व ग्रहांत शुक्राची कक्षा वर्तुळाच्या सर्वांत जवळची आहे; गुरूपासून भरकटत आलेल्या पिंडाची कक्षा तशी होणे संभवत नाही. ग्रीनलंडच्या बर्फात वर्षागणिक साचलेले थर मोजता येतात. त्यांतही त्या शतकांत जगभर पसरलेल्या अशा धुळीचा मागमूस नाही. शुक्र अतिशय तप्त असेल हे त्याचे भाकीत मात्र खरे ठरले. तेथील तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आहे. पण ती उष्णता नवजात ग्रहाची नसून कार्बन डायऑक्साइडच्या दाट वातावरणाने कोंडून धरलेली सूर्याची उष्णता आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या परिषदेत कार्ल सेगन आदी शास्त्रज्ञांनी त्याच्यासमक्ष या मुद्द्यांची चर्चा केली. १९७९ साली वेलिकोव्हस्की निधन पावला.

आपल्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या परंपरेत शुक्र हा गुरूचा पुत्र नाही. शुक्राचार्य भृगुकुळातले आणि बृहस्पती अंगिरसाच्या कुळातले. एक असुरांचा गुरू व दुसरा देवांचा. या दोघांत जनक व जन्य असा संबंध कोणत्याही पुराणकाराला सुचला नाही. ग्रीकांतही शुक्र ग्रह अथीनेचा नव्हे, तर ॲफ्रोडाइटीचा मानला जाई. म्हणजे कथा जशा आहेत तशा न वाचता सिद्धांताला हव्या तशा वाचल्या गेल्या. आणि ज्या लोकांच्या कथांत हा उत्पात आढळत नाही त्यांचे काय, असे विचारल्यास वेलिकोव्हस्कीचे उत्तर मनोविश्लेषकाचे होते : मानवजातीने ती भयानक आठवण मनाच्या तळाशी दडपून टाकली. आठवण असली तरी पुरावा आणि नसली तरीही पुरावा, अशा युक्तिवादाचे खंडन होऊ शकत नाही; परंतु त्याच कारणाने तो सिद्धही होऊ शकत नाही.

जलप्रलयाच्या कथा

आकाश सोडून भूमीवर आले तरी हीच अडचण येते. १८७२ साली ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ याला असीरियन इष्टिकेवर जलप्रलयाची कथा आढळली आणि युरोपात खळबळ उडाली. नौका, वाचलेला एकच पुण्यपुरुष, पर्वतावर टेकलेले तारू, हे सारे बायबलासारखेच होते. आपल्या शतपथ ब्राह्मणातही मनू, मत्स्य व उत्तरगिरी यांची कथा आहे. १९२९ साली लेनर्ड वूली याने उर या नगरीच्या उत्खननात आठ ते अकरा फूट जाडीचा स्वच्छ गाळाचा थर शोधून काढला आणि तोच तो महाप्रलय, असे जाहीर केले. पुढे किश व शुरुप्पाक येथेही गाळाचे थर सापडले, पण त्यांचे काल एकमेकांशी जुळेनात. त्यांच्यात अनेक शतकांचे अंतर निघाले. अर्थात ते एका विश्वप्रलयाचे नव्हे, तर युफ्रेटिस व टायग्रिस या नद्यांना वेळोवेळी आलेल्या महापुरांचे अवशेष होते. ज्याचे गाव बुडाले त्याला सारे जग बुडाले असे वाटले, तर नवल नाही.

लोकमान्यांचा प्रयत्न

महाराष्ट्रातही एका थोर पुरुषाने या प्रश्नाला हात घातला होता. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ व १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे ग्रंथ लिहिले. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, वेदांतील दीर्घ उषा, तैत्तिरीय संहितेतील तीस उषांचा उल्लेख आणि देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष ही कल्पना, या ध्रुवप्रदेशातील वास्तव्याच्या आठवणी होत. अवेस्तेत यिमाला घोर हिवाळ्याची पूर्वसूचना मिळते आणि तो सुरक्षित ‘वर’ बांधतो. मनूची कथा व ही कथा मुळात एकच, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी दाखविलेला दुवा त्यांच्या सूक्ष्म दृष्टीचा निदर्शक आहे : पाणिनीच्या व्याकरणात ‘प्रलय’ या शब्दापासून ‘प्रालेय’ हा शब्द साधला आहे आणि त्याचा अर्थ हिम असा होतो. तेव्हा मनूचा प्रलय मुळात हिमप्रलय असावा.

लोकमान्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी आकाशातील काल्पनिक टक्कर न मानता आपल्या काळच्या भूगर्भशास्त्राशी श्रुतीचा मेळ घातला आणि आपले अनुमान तपासता येईल अशा रीतीने कालासह मांडले. त्यांच्या मते इसवी सनापूर्वी दहा ते आठ हजार वर्षे या सुमारास हिमयुगाने ते मूलस्थान नष्ट केले. आजच्या शास्त्रानुसार त्या सुमारास हिम येत नव्हते, ओसरत होते. शेवटचे हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले आणि त्यापूर्वी हजारो वर्षे ध्रुवप्रदेश आजच्याहूनही थंड होता. त्यामुळे तो सिद्धांत आज विद्वन्मान्य नाही. त्यांच्या हयातीतच नारायण भवानराव पावगी यांनी आर्यांचे मूलस्थान सप्तसिंधूतच असल्याचा प्रतिपक्ष मांडला होता. हा वाद श्रद्धेवर आघात न करता झाला, हे आजच्या पिढीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

श्रुतीतून काल काढणे किती कठीण, याचे आणखी एक उदाहरण पाहा. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानूने सूर्याला अंधाराने वेधले व अत्रीने तो पुन्हा शोधून दिला, असे वर्णन आहे. हे खग्रास सूर्यग्रहण होय, याविषयी फारसा मतभेद नाही. परंतु प्रबोधचंद्र सेनगुप्त यांनी त्याचा काल इसवी सनापूर्वी ३९२८ असा काढला, तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात इसवी सनापूर्वी ४२०२ किंवा ३८११ ही वर्षे सुचविली आहेत. घटना खरी, तिचे वर्णन खरे. पण वर्ष मात्र सूक्तात नाही.

लोणार व क्रेटर लेक

येथे कोणी विचारील की, आकाशातून खरोखर काही पडलेच नाही काय? पडले आहे. विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. ते अशनीच्या आघाताने झाले आहे. स्थलपुराणात ते लवणासुराचे बीळ म्हटले असून विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला, अशी कथा आहे. गावात दैत्यसूदनाचे सुंदर देवालय आहे. आकाशातून आलेला देव व त्याने पाताळात गाठलेला दैत्य, हे ऐकताच आघाताची स्मृती म्हणण्याचा मोह होतो. पण त्या विवराचे वय एके काळी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई, ते अलीकडच्या आर्गॉन पद्धतीच्या मापनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे भरते. इतकी जुनी आठवण सांगणारी मानवी वाणी संभवत नाही. ही कथा त्या विवराकडे व त्याच्या खाऱ्या पाण्याकडे पाहून नंतरच्या लोकांनी रचलेली आहे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील ऑरेगॉन प्रांतात आहे. तेथे क्लॅमथ नावाचे आदिवासी लोक राहतात. पाताळाचा स्वामी ल्लाओ व आकाशाचा स्वामी स्केल यांचे युद्ध झाले, अग्नी बरसला, पर्वत कोसळला आणि त्या खड्ड्यात सरोवर झाले, अशी त्यांची कथा एकोणिसाव्या शतकात नोंदली गेली. भूगर्भशास्त्र सांगते की, माझामा नावाचा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी असाच कोसळला व आजचे क्रेटर लेक तयार झाले. त्या राखेच्या थराखाली एका गुहेत वनस्पतींच्या तंतूंनी विणलेल्या पादुका सापडल्या आहेत, तेव्हा त्या वेळी तेथे माणसे होती हेही निश्चित आहे. म्हणजे कथा हजारो वर्षे टिकू शकते; पण कशाच्या आधाराने? ते लोक ती भूमी सोडून गेले नाहीत, तो पर्वत त्यांच्या दृष्टीसमोर राहिला आणि सामान्य माणसाने त्या सरोवराकडे पाहू नये असा निर्बंध त्यांनी पाळला. स्थान आणि आचार या दोन खुंट्यांवर ती स्मृती टांगलेली होती.

परशुरामाचा बाण आणि खाजनाचा बांध

आता आपल्या भूमीकडे वळू. समुद्राने परशुरामाला शूर्पारक देश दिल्याची कथा महाभारतात आहे. सह्याद्रिखंडात ती कोकण व गोमंतक यांच्या संदर्भात विस्ताराने येते. त्या ग्रंथाची मुद्रित आवृत्ती १८७७ साली मुंबईत प्रसिद्ध करणारे डॉ. जुझे जेर्सन द कुन्य हे गोमंतकीयच होते. समुद्र हटला हे भूगर्भशास्त्रास मान्य आहे, असे आपल्याकडे पुष्कळदा लिहिले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेस पुष्कळ दूर होता. पुढे पाणी चढत गेले व सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आले. मुंबईच्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात भरतीरेषेखाली बुडालेल्या अरण्याची खोडे मिळाली होती. माणसाने पाहिलेला मोठा बदल म्हणजे समुद्र पुढे आला हा होय.

मग भूमी मिळविल्याची कथा व्यर्थ आहे काय? मला तसे वाटत नाही. आपल्या तिसवाडी, साष्टी व बारदेश या महालांतील खाजने पाहावीत. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशींच्या दारांनी भरती अडवून व ओहोटीला पाणी सोडून गावकऱ्यांनी तेथे कोरगूट भात पिकविले. समुद्र हटवून भूमी मिळविण्याचे हे काम आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी केले. १५२६ साली आफोंसु मेशिया याने गावकरींच्या रूढींची जी सनद लिहिली तीतही, पूर्वी चार माणसे येऊन त्यांनी पडीक भूमी लागवडीस आणली व तेच गावकार झाले, असे म्हटले आहे. परशुरामाच्या बाणात या श्रमाची स्मृती असावी, हे माझे अनुमान आहे. त्याला मी सिद्धांत म्हणत नाही. पण धूमकेतूपेक्षा ते आपल्या शेताच्या जवळचे आहे.

आपण पाहिलेला प्रलय

लोकस्मृती काय राखते व काय सोडते, हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात आपल्या कुळांनी स्वतःच एक प्रलय पाहिला. १५६० च्या सुमारास व विशेषतः १५६७ साली, राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याच्या हातून, साष्टीतील देवालये भस्मसात झाली. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ, रायची कामाक्षी ही दैवते अघनाशिनी ओलांडून त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात आली. मडगावचा दामोदर जांबावलीस गेला. दिवाडीच्या नार्वे येथील सप्तकोटीश्वर डिचोली महालात आला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला.

या उत्पाताला साडेचारशे वर्षे झाली आहेत. त्याविषयी आपल्या घराघरांत काय सांगितले जाते? रात्रीचा प्रवास, नदी पार करणे, देवाने दिलेला दृष्टांत, शत्रूला पडलेली भूल. वर्ष कोणी सांगत नाही, कप्तानाचे नाव कोणाला ठाऊक नसते. ते पोर्तुगीज कागदांत मिळते. देवालयांच्या जमिनींच्या नोंदीही नव्या राज्यकर्त्यांनी त्या जप्त करताना करून ठेवल्या. पांडुरंग पिसुर्लेंकरांसारख्या संशोधकाने पणजीच्या पुराभिलेखागारातील दप्तरे आयुष्यभर खपून लावली, म्हणून आज ती वाचता येतात. परंतु त्या कागदांत दुसरी बाजू नाही. दैवत कोणी उचलले, कोणत्या वाटेने नेले, कोणत्या कुळाने आश्रय दिला आणि त्याबद्दल कोणता मान कोणाकडे आला, हे राखले ते महाजनांच्या परंपरेने. चारशे वर्षांनंतरही आपण देवाचे नाव सांगताना मूळ गावाचे नाव जोडतो, मूळ स्थळाचे ऋण मानतो आणि उत्सवातील मान त्याच क्रमाने देतो.

स्मृतीचा स्वभाव यावरून कळतो. ती वर्ष विसरते, उत्पाताचे कारण विसरते, त्यांच्या जागी चमत्कार ठेवते. परंतु स्थान, नाते व कर्तव्य ही तीन मात्र सोडत नाही. साडेचारशे वर्षांत जर असे घडते, तर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कथेतून ग्रहाची कक्षा काढू पाहणारा मनुष्य स्मृतीकडे तिच्यापाशी नसलेली वस्तू मागतो. आणि जो सर्व कथांना कल्पित म्हणून बाजूस सारतो, तो तिच्यापाशी असलेली वस्तूही गमावतो. मनूच्या कथेचा शेवट पुराच्या मोजमापात नाही. पाणी ओसरल्यावर मनूने प्रथम यज्ञ केला, यात आहे. आपल्या पूर्वजांनीही अंत्रुजात येऊन प्रथम देवाला छप्पर दिले.

म्हणून महाजन बंधुभगिनींना दोन गोष्टी विनवाव्याशा वाटतात. आपली श्रद्धा आज गाजणाऱ्या व उद्या मागे पडणाऱ्या कोणत्याही सिद्धांताच्या खुंटीला बांधू नये. संकल्पाला धूमकेतूच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. दुसरी गोष्ट तातडीची आहे. स्थलांतराच्या ज्या कथा आजही वृद्धांच्या तोंडी आहेत त्या सांगणाऱ्याच्या नावासह व वर्षासह लिहून ठेवाव्यात. घरच्या पेटाऱ्यांतील मोडी व पोर्तुगीज कागद वाळवीच्या आधी वाचकाच्या हाती जावेत. मूळ गावातील देवालयाचे जोते, तळी, वाट यांच्या खुणा एकदा मोजून त्यांचा नकाशा करावा. पुढच्या पिढ्या गोव्याबाहेर व देशाबाहेर वाढत आहेत. क्लॅमथ लोकांसमोर त्यांचा पर्वत राहिला, तसे मूळ गाव त्यांच्या दृष्टीसमोर राहणार नाही. स्थानाचा आधार सुटल्यावर स्मृतीला लेखाचा आधार द्यावा लागतो.

हे कार्य घडण्यास आपल्या कुलदेवतेचा आशीर्वाद लाभो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.